तार तुटली तर

"हॅलो? … हो, धारवाडच. मी विमलाच बोलते आहे… अक्का! लागला एकदाचा ट्रंक कॉल."

थोरली बहीण हेमाक्का मुंबईत एका वाद्यांच्या दुकानातून बोलत होती. इकडे धारवाडच्या मळमड्डी भागात शेजारच्या विठ्ठलराव वकिलांचा फोन कानाला लावून विमला उभी होती. ती शाळेत गणित शिकवायची आणि सुटीच्या दिवशी नागोजीच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. गेल्या महिन्यात हुबळीच्या एका लग्नात ऐन गाण्यात तिची एक तार तुटली आणि उरलेल्या पाचही बेसूर झाल्या. गाणं संपेपर्यंत ती नुसती उभी. पुढच्या, विद्यानगरच्या कार्यक्रमाला दुसरी गिटार जवळ असेल तरच ये, असं नागोजीनं बजावलं होतं. तीच घ्यायला अक्का दुकानात गेली होती.

"दोनच आहेत? … लाल आणि काळी. बरं… अगं, रंगाचं राहू दे, ऐक ना. दोन्हींना तारांच्या खालच्या टोकाशी बारीक लोखंडी दांडा आहे? … हो, हो, तोच. तो हलवला की सूर झुलतो… आता तारा जिथे अडकवल्यात ती पट्टी बघ. तो ब्रिज. पर्समध्ये बसचं तिकीट आहे? … ते त्याच्या मागच्या कडेखाली सरकव… लालमध्ये जातं? म्हणजे तो अधांतरी आहे. माझ्या गिटारचा आहे तस्सा."

विमलाचा जीव लालवरच होता. दांडा दाबला की सूर खाली, उचलला की वर, दोन्हीकडे मोकळा. ती भराभर समजावू लागली, की पुढून तारा ओढतात, मागून आत बसवलेल्या स्प्रिंगा ओढतात, आणि ब्रिज मध्ये तोलून राहतो.

"हो, रस्सीखेचच… एका बाजूचा एक गडी सुटला, की मग…"

अक्कानं साधंच विचारलं होतं, की मग लालची तार तुटली तर?

"…तेच होईल, अक्का. पुन्हा तेच होईल."

काळीत तिकीट शिरेना. तिचा ब्रिज लाकडावर टेकलेला होता. दांड्यानं सूर खालीच जाणार, वर नाही. पण तार तुटली तरी स्प्रिंगा ब्रिजला जागेवर दाबून धरणार आणि बाकीच्या तारा सुरात राहणार. विमलाला हे पटत होतं, तरी लाल सुटत नव्हती.

"दुकानदाराला काळीचा दांडा दाबून सोडायला सांग… सूर होता तिथेच परत येतो का, ते तू ऐक. तुझा कान माझ्यापेक्षा पक्का."

लग्नाआधी अक्का बारा वर्षं गाणं शिकली होती. गिटारला ती खडखडाट म्हणायची. विमलाच्या एकाही कार्यक्रमाला ती आली नव्हती. आता भर दुकानात तिनं फोनमध्ये तो सूर लावून दाखवला, दांडा दाबण्याआधीचा आणि मग सोडल्यानंतरचा. विमलानं डोळे मिटून ऐकलं.

"…केसभरही हलला नाही… काळी घे. हो, नक्की. लाल राहू दे."

तेवढ्यात तीन मिनिटं झाल्याचं ऑपरेटरनं मध्येच सांगितलं.

"ओंद निमिष री, एकच मिनिट… अक्का, रेल्वे पार्सलनं नको, मोडेल. कोणाबरोबर तरी… कोण? … तू? तू स्वतः घेऊन येतेस? आणि कार्यक्रमाला थांबशील?"

'हो' तेवढं ऐकू आलं आणि लाईन तुटली.

कोणती ठरली मग, विठ्ठलरावांनी पेपरातून मान वर करून विचारलं.

"अक्का येते आहे," विमला म्हणाली, आणि काळी की लाल ते न सांगताच पायऱ्या उतरून पळाली.