परतीची बाटली

…टेबलावर ठेवा म्हटलं ना, बादूनाना. नाही? माझ्याच हातात द्यायची? मग बसा तसेच. पाणी तरी घ्या — तेही नको. मी बाटली घेईपर्यंत तुम्ही तोंड उघडणार नाही, माहितीये मला — ग्लासगोला शिकले म्हणून काय आपल्या रीती विसरले? गावची गादी मामांची, दरबारात त्यांचा शब्द बोलणार तुम्ही, आणि आज तुमच्याच तोंडाला कुलूप. भाचीला छळायला बरं सुचलं मामांना.

पहिली जिनची बाटली मीच आणली होती, कंपनीकडून. तुम्ही सगळे प्यालात, पूर्वजांसाठी जमिनीवर ओतलीत — म्हणजे होकार. पण कशाला? त्या टेकडीवरच्या खाणीला. आता साहेब म्हणतात, होकार आहेच की, नदीकाठही त्यातच आला. नदीकाठी आजीला पुरलंय, मला ठाऊक नाही का? सांगून सांगून दमले त्यांना. वाईट नाहीत हो साहेब, ऐकतात, मान हलवतात — फक्त त्यांनाही कुणीतरी लांबून विचारतं, सोनं अजून कमी का, आणि तो विचारणारा ना मी पाहिलाय, ना त्यांनी.

असं बघू नका. कंपनी आल्यानं काहीच झालं नाही का? वीज आली. तुमचा पोरगा एबो वेल्डिंग शिकला, नाहीतर अजून कोकोच्या शेंगा फोडत बसला असता. रस्ता आला — हो, खाणीपासून थेट बंदरापर्यंत, गावाकडे वळतच नाही, दिसतं मला. तो वळवायलाच तर आले ना मी. आपली माणसं आत बसली की इथलं सोनं इथेच मुरेल, असं तिकडे ग्लासगोत घसा बसेपर्यंत सांगायची मी. बसले आत. दारावर नाव आहे, खोली गार असते, आणि खरं सांगू का — आवडते मला ती. गावात येऊन काय करू, कोको वाळवू? हसता काय? हसायला बंदी नाही वाटतं.

तुम्ही आणलेली ही भरलेली बाटली मी घेतली की तुमचा होकार मागे. ज्या हातानं दिली त्याच हातानं परत घ्यायची — म्हणून साहेबांकडे गेला नाहीत, माझ्याकडे आलात. घेतली तर यंत्रं थांबतील, एबोचं काम जाईल, माझं तर आजच. नाही घेतली तर? तर मामांच्या घरात मला पाय ठेवायची सोय नाही. कुठूनच वाट नाही, नाना. ऐकताय ना, नदीकाठी निघायला गाड्यांची इंजिनं सुरू केली त्यांनी.

हो साहेब, आले… मला पुढच्या गाडीत बसायचंय. गावकरी आडवे आले तर त्यांना त्यांच्या भाषेत समजावायला. म्हणजे बघा, मीही तुमच्यासारखीच, दुसऱ्याचं तोंड. फक्त गादीचा शब्द बोलणाऱ्याला देतात तशी, तुमच्यासारखी मानाची काठी नाही दिली मला कुणी.

…डावा नाही, कळतं हो. उजवा हात. द्या.

जड आहे.

आता उठा, आणि मागच्या फाटकानं नको, पुढच्यानं जा, गाड्यांसमोरून. बाटलीविना रिकामे हात दिसू देत सगळ्यांना. नाही — आता बोलायला मोकळे झालात म्हणून काही बोलू नका. जा.