देवदूताच्या पंखाचा कर्मणी प्रयोग

हॅलो? …हो ताई, बोल. …नाही, शाळेतच आहे, पटांगणात. आत्ताच पेपर तपासले, एकच उत्तर राहिलंय. बेचाळीस मुली, बेचाळीस पेपर. एक्केचाळीस जणींचं उत्तर 'कोणीतरी'. एकीचं 'फादर'.

…चिडू नको तर काय करू? आधी ऐक ना!

आठवीचं इंग्रजी व्याकरण. चौथं वाक्य, 'देवदूताचा पंख मोडला गेला.' कर्तरी करा. …हो, तोच, चर्चच्या दाराशेजारचा, प्लास्टरचा. आणि वाक्य माझं नाहीच मुळी, फादरांच्या नोटिशीतलं! पंख मोडला गेला आहे, दोषी पुढे येईपर्यंत मधल्या सुट्टीतला खेळ बंद. मला वाटलं, चला, आयतं पॅसिव्ह मिळालं!

…हो, हो… कर्ता दिलेलाच नाही, म्हणून सगळ्यांनी लिहिलं, 'कोणीतरी पंख मोडला'. आणि वर्गातल्या आमच्या चिमणीने लिहिलं, 'फादरांनी पंख मोडला, गाडी मागे घेताना.' स्पेलिंगची एक चूक नाही!

…हसू नको. ताई, हसू नकोस म्हणते ना!

…कारण सिस्टर म्हणाली, त्या उत्तरावर लाल काट मार. …अगं तू नाही! तू कशाला म्हणशील? शाळेतली सिस्टर! फादरांनीच पाठवलं असणार तिला. उद्या चिमणीच्या आईला बोलावलंय. खोटं लिहिलं म्हणून नाव कमी करणार, आणि पुरावा काय, तर माझी लाल काट! बाईंनीच चूक दिलंय, असं सांगणार! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर मी वळून द्यायचा!

…काय? 'कोणाकडून' ते कशाला उकरतेस, म्हणतेस? अगं, तेच तर व्याकरण आहे! वर्षभर घसा फोडून शिकवतेय, क्रियापद आलं की आधी कर्ता शोधा. एकीने शोधला, तर तिलाच घरी बसवा?

…माहितीये, नोकरीत अजून कायम झाले नाहीये. माहितीये गं! सारखं तेच काय?

…फादरांना कळलंच नसेल? मग गाडीच्या आरशाला चिकटपट्टी का लावलीय? …हो, समोरच उभी आहे गाडी. काळा आरसा, वर पांढरा ओरखडा. …नुसत्या ओरखड्याने काही सिद्ध होत नाही, कबूल. म्हणून तर लॅबमधली मोजपट्टी आणलीय. बीएस्सी झालेय मी, दोन्ही प्रयोग येतात मला.

थांब, फोन खांद्यावर धरते… पंख झाला मोजून. आता आरसा… ए, पट्टी वाकतेय… हां.

…बोलू नको. क्षणभर बोलू नको, ताई. फादर येतायत.

गुड आफ्टरनून, फादर. …नाही, हरवलं काही नाही. मोजत होते. …ताईचा फोन आहे, ती ऐकतेय, चालेल ना? …पंख तुटला ती जागा, जमिनीपासून चौऱ्याण्णव सेंटिमीटर. …आरसा? तुम्हीच बघा ना. ही घ्या पट्टी. …वाकून बघावं लागेल, फादर. …किती आले? …जरा मोठ्याने.

…ताई, ऐकलंस? चौऱ्याण्णव. …हो, त्यांनीच वाचलं. ठेवते आता, लाल पेन उघडायचंय. …चिमणीला? चौथ्या वाक्याला एकापैकी एक.