पियदासने सोडलेला पहिला नंबर

जबाब देणार: हेट्टिआरच्ची गुणदास, वय ५८, धंदा किनाऱ्यावरून वायरलेसवर बोटींशी बोलणे, राहणार मिरिस्सा बंदर, जिल्हा मातारा, श्रीलंका.

मला आज ठाण्यात बोलावून "हा चार्लिस कोण, त्याची बोट कुठली," असे विचारण्यात आले. त्यावर समक्ष सांगतो की, चार्लिसवर येण्याआधी क्रिकेटचे सांगावे लागेल. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या तरी माझा इलाज नाही.

मी बोटमालकाच्या खोलीत वायरलेसवर बसतो. खोल समुद्रात गेलेल्या बोटी महिना महिना परतत नाहीत. दिवस कलला की त्या मला हवा, मासळी आणि उरलेला बर्फ सांगतात. ते झाले की भांडण सुरू होते. आशियातला सर्वांत मोठा ऑलराउंडर कोण? तिसरा कपिल, चौथा वसीम, पाचवा शाकिब, इथपर्यंत बरीच वर्षे घसे फोडून एकमत झालेले आहे. पहिला आणि दुसरा मात्र ठरत नाही, कारण सगळ्या बोटी हो म्हणाल्याशिवाय नंबर पक्का करायचा नाही असा आमचा नियम आहे. आणि 'सागरकुमारी' बोटीचा तांडेल पियदास लियनगे हा कधीच हो म्हणत नाही.

सनत जयसूर्या आमच्या माताऱ्याचा. त्याला पहिला न म्हणणारा या किनाऱ्यावर एकटा पियदास. तो इम्रान म्हणायचा. मी त्याच्याहून मोठा, म्हणून मला अय्या, म्हणजे दादा, म्हणायचा आणि मग वाट्टेल ते बोलायचा. मी त्याला मल्ली, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचो.

"अरे, मीठ माताऱ्याचं खातोस आणि मत लाहोरला देतोस?"

"अय्या, लाहोरलाही मीठ असतं. नडगी मोडली, बॉल टाकता येईना, तरी नुसत्या बॅटिंगला टीमला इम्रान हवा होता. वर कप्तानी. तुमच्या सनतचा खांदा दुखला तर काय उरतं?"

"तुझं डोकं उरतं. फोडून खोबरं काढू."

मागच्या महिन्यात समुद्रात वादळ झाले आणि सागरकुमारी बोलायची थांबली. पुढे विमलसिरी नावाच्या तांडेलाला तिच्या बर्फाच्या खणाचे झाकण पाण्यावर तरंगताना मिळाले. माणूस एकही मिळाला नाही. तेव्हापासून पियदासची बायको सोमलता रोज माझ्या खोलीत येऊन बसते. ती डोंगरातली, बदुल्लाची. लग्न होऊन इथे आली त्याला चार वर्षे झाली असतील. किनाऱ्यावरची जुनी माणसे, जुन्या गोष्टी तिला ठाऊक नाहीत.

गेल्या मंगळवारी विमलसिरीने वायरलेसवर मुद्दाम ऑलराउंडरांचा विषय काढला. सोमलता ऐकत असते, तिचे जरा मन रमावे एवढाच हेतू. मीही सनतचे कौतुक लावून धरले. मध्येच पियदास बोलला.

आवाज त्याचाच. 'अय्या'तला शेवट तो ओढतो, तसाच ओढलेला. पण बोटीवरून बोलणाऱ्याच्या मागे इंजिनाची धडधड असते, वारा असतो, कोणीतरी भांडी आपटत असते. त्याच्या मागे काहीच नव्हते. बंद खोलीत कानाशी बोलावे तसे वाटले.

"अय्या, सनत पहिला. पक्का करून टाका."

"पियदास! कुठे आहेस तू?"

"इथे सगळे सनतच म्हणतात. माझं एकट्याचं काय चालणार?"

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळेच. चार्लिस अय्यापण आहे. तुमचा गुडघा कसा आहे, विचारतोय."

पुढे काही आले नाही. मी पुष्कळ हाका मारल्या. सोमलता उठून उभी राहिली होती, हसत होती, रडत होती. "ऐकलंत ना अय्या? चार्लिसच्या बोटीने उचललं त्यांना!" तिचे तोंड पाहून मला नाही म्हणवले नाही. विमलसिरीला विचारले तर तो म्हणाला, "मला फक्त तुमचाच आवाज येत होता. मी म्हटलं, म्हातारा कोणाशी बोलतोय?"

दुसऱ्याच दिवशी तिने ठाण्यात येऊन चार्लिसची बोट शोधा असा अर्ज दिला. तुम्ही बंदरोबंदरी विचारत आहात असे कळते.

तर चार्लिस हा पियदासचा पहिला तांडेल. पियदास त्याच्याच हाताखाली शिकला. सुनामी आली त्या सकाळी चार्लिस आणि मी धक्क्यावर जाळे शिवत बसलो होतो. माझा गुडघा दोन बोटींच्या मध्ये चिरडून अडकला, म्हणून मी राहिलो. चार्लिस माझ्या डोळ्यांसमोर गेला. त्याची बोट कुठल्याही बंदरात मिळणार नाही.

पियदासच्या तोंडून 'सनत पहिला' ऐकायला मी जन्मभर आसुसलो होतो. ऐकले आणि समजलो. जिवंत पियदास असे बोललाच नसता. काल मी वायरलेसवर जाहीर केले, "इम्रान पहिला. मल्ली, तू जिंकलास, आता घरी ये." बाकीच्या बोटींनी मला शिव्या घातल्या. त्याने उत्तर दिले नाही.

सोमलता आत्ता बाहेर बाकावर बसली आहे. मांडीवरच्या पिशवीत त्याचा कोरडा शर्ट आणि लुंगी आहे. जबाब वाचून दाखवण्याआधी दार लावून घ्यावे अशी मी विनंती केली. दार लावले. हवालदारांनी हळू आवाजात वाचला. मी ऐकला. माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.

सही: हे. गुणदास