एक मेलेला पाइक आणि बंद कारंजे

मी, दसाराम मंगरू नान्हे, वय ६४ वर्षे, धंदा मासेमारी, मूळ राहणार मौजा पळसबोडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा, सध्या मुक्काम मुलाच्या घरी, १४ बीचक्रॉफ्ट रोड, पिनर. आज शनिवार, दिनांक २२ जुलै २००६ रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी हॅरो येथील पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, दुभाषी सौ. स्वाती देवधर यांच्यामार्फत विचारल्यावरून सांगतो, ते असे.

पहिली गोष्ट. पार्कातल्या तळ्याचे कारंजे आत्ताही बंद आहे. कोणीतरी फोन करून ते सुरू करायला सांगावे. बाकी जबाब मागाहून लिहिला तरी चालेल. कॉन्स्टेबल हॉलंड बाईंचे म्हणणे पडले की आधी जबाब, मग बाकीचे. म्हणून जबाब देतो. पण मी इथे बोलत बसलो असताना तिकडे मासे मरत आहेत, हेही याच कागदावर लिहून ठेवा.

मी काही बोललो नाही तरी चालेल, असे मला सांगण्यात आले. मला बोलायचे आहे. वकील देतो म्हणाले. त्याला पोहता येते का, असे मी विचारले. त्यावर उत्तर मिळाले नाही, म्हणून वकील घेतला नाही. दुभाषी बाई एजवेअरहून आल्या, त्यांची वाट पाहण्यात दोन तास गेले. त्यात त्यांचा दोष नाही. बाई मूळ पुण्याच्या आहेत. त्यांनी मघाशी ‘मृत मत्स्य’ असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. मी मेलेला मासा म्हणालो होतो.

मी १० मार्चला मुलाकडे आलो. मुलगा अनुप कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. तो आणि सून कस्तुरी दोघेही सकाळी आठला ट्रेनने कामाला जातात. माझा व्हिसा ९ सप्टेंबरपर्यंत आहे. घरी बसून हात कुजतात, म्हणून मी सोबत आणलेल्या नायलॉनच्या दोऱ्याचे जाळे विणले. त्याला दोन महिने लागले. उरलेला वेळ मी तळ्यावर बसतो. तळे घरापासून दहा मिनिटांवर आहे, तीनेक एकरांचे. आमच्याकडे एवढ्या पाण्याला बोडी म्हणतात. तलाव म्हटले तर लोक हसतील.

तळे पार्कातले, सगळ्यांचे आहे, पण मासे धरायचा हक्क एका क्लबकडे आहे. क्लबचे वॉर्डन श्री. टर्नर, हेच तक्रारदार. त्यांची माझी ओळख एप्रिलपासून आहे. ते मला ‘दास’ म्हणतात. त्यांच्या लोकांची मासेमारी मी रोज पाहिली आहे. गळाला लागलेला मासा ओल्या गादीवर निजवतात, त्याच्या ओठाला औषध लावतात, तोलतात, त्याच्यासोबत फोटो काढतात आणि पाण्यात परत सोडतात. चौदा किलोची एक जुनी कार्प आहे, तिचे नाव त्यांनी डोरिस ठेवले आहे. डोरिसला मी मे महिन्यापासून सहा वेळा धरलेले पाहिले. आमच्याकडे एवढा छळ सवतीचाही होत नाही. पण ज्याची त्याची रीत. मी त्यांना कधी काही बोललो नाही.

काल शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास श्री. टर्नर यांनी तळ्याच्या मधले कारंजे बंद केले. उद्या रविवारी क्लबची स्पर्धा आहे. कारंज्याने पाणी हलते आणि गळाची तरंगणी दिसत नाही, असे त्यांच्या हातवाऱ्यांवरून मला समजले. स्पर्धेसाठी त्यांनी बाहेरून आणखी मासे आणून सोडले होते, आणि तीन दिवस बादल्यांनी चारा टाकत होते. तीन आठवडे कडक ऊन, पाऊस नाही, पाणी हिरवे गर्द झालेले. मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. मला इंग्रजी येत नाही. म्हणून मी गुडघ्यावर बसलो, मान वर केली आणि मासा हवा गिळतो तसे तोंड उघडमीट करून दाखवले. त्यांनी मला बिस्कीट दिले.

आज पहाटे पाच वाजता मी उठून पाहिले. आभाळ भरलेले, वारा नाही, अंगाला चिकटा. असा दिवस आमच्या बोड्यांवर मी जन्मात चारदा पाहिला आहे, आणि चारही वेळा घराघरांत रडणे झाले आहे. मी जाळे, दोन बादल्या आणि नातीचा लहानपणीचा गुलाबी प्लास्टिकचा टब घेऊन निघालो. सव्वापाचला तळ्यावर पोचलो. सगळे मासे वर आले होते. काठाकाठाने नुसती तोंडे दिसत होती. पाण्यात दमच उरला नव्हता.

तळे कोणाचे ते मला ठाऊक असताना मी परवानगीशिवाय आत का उतरलो, असा प्रश्न विचारण्यात आला. त्याचे उत्तर असे की, पाणी मरू लागले की ते कोणाचे आहे हे आम्ही विचारत नाही. जो पहिल्यांदा पाहील त्याने उतरायचे. शेजारगावाशी कोर्टात खटला चालू असताना आम्ही त्यांच्या बोडीत उतरलो आहोत आणि ते आमच्या. आग लागली तर कोणी सातबारा मागत नाही. परवानगी कोणाला मागायची होती? सव्वापाचला तिथे बदके होती.

मी काठावरच्या दुरुस्तीच्या कामातली एक फळी घेतली आणि छातीभर पाण्यात उभा राहून पाणी बडवायला सुरुवात केली. पाणी उडाले की त्यात हवा मिसळते. म्हशी असत्या तर त्याच घातल्या असत्या. एकट्याने तीन एकर पाणी बडवून होत नाही, हे पंधरा मिनिटांत कळले. तेव्हा जे मासे अगदी शेवटाला आले होते ते जाळ्याने काढून टबात घातले आणि तळ्याच्या वरच्या अंगाला पुलाखाली जो ओढा आहे, त्यातल्या डोहात नेऊन सोडले. तिथे गुडघाभर का होईना, वाहते पाणी आहे. अशा चौदा खेपा केल्या. त्रेसष्ट मासे सोडले. डोरिस सातव्या खेपेला नेली. ती एकटीच टबात मावली, शेपूट बाहेर. तिचा मी फोटो काढला नाही.

माझ्या पिशवीत सापडलेल्या पाइक माशाबद्दल. होय, तो मी घेतला. पाइक म्हणजे आमच्या मरळीसारखा, दुसऱ्या माशांना खाणारा, लांब तोंडाचा. तो नवव्या खेपेत टबातच मेला, सहाला पाच मिनिटे कमी असताना. जो माणूस पाणी वाचवायला उतरतो, त्याच्या हातात मेलेला एक मासा त्याचा असतो. एकच. तो त्याने नेलाच पाहिजे. नाही नेला तर बोडीवाल्याला वाटते, याला आमच्या पाण्याचा विटाळ वाटला. माझ्या बापाने नेला, मी नेला. इथे ही रीत नाही असे मला सांगण्यात आले. ते खरे असेल. पण मी लपवून नेत नव्हतो. पिशवी पारदर्शक होती. तो मासा आता पुरावा म्हणून तुमच्याकडे आहे. बर्फात ठेवला नसेल तर एव्हाना ते तुम्हालाही कळले असेल.

सहा वाजून दहा मिनिटांनी श्री. टर्नर आले. त्यांनी जाळे पाहिले, पिशवीतला पाइक पाहिला आणि ओरडायला लागले. मी पाण्याकडे बोट दाखवत होतो, ते माझ्याकडे बोट दाखवत होते. डोरिस, डोरिस असे ते दोनतीनदा म्हणाले. मी पुलाकडे हात केला. त्यांना वाटले मी पळायचा रस्ता पाहतो आहे. त्यांनी माझ्या हातातली फळी काढून घेतली. साडेसहाला तुमची गाडी आली, पाठोपाठ अनुप आला. श्री. टर्नर तुमच्या माणसांना जे म्हणाले ते अनुपने मला मराठीत सांगितले नाही. मी पुन्हा विचारले तेव्हा सांगितले, “आधी पोलिश लोक तळ्यातले मासे खायचे, आता हे आले, असं म्हणतात ते.” मला गाडीत बसवले तेव्हा पाणी बडवणारे तिथे कोणी उरले नाही. मला राग आला तो तेव्हा. चोर म्हणाल्याचा राग नंतर आला.

ठाण्यात आल्यावर मला चादर दिली आणि चहा दिला. दुधाळ पाण्याला इथे चहा म्हणतात. पण कॉन्स्टेबल बाईंनी मनापासून दिला, म्हणून प्यायलो.

मुलाने मला बाहेरच्या बाकावर समजावले. तो म्हणाला, “बाबा, सॉरी म्हणून द्या न. जस्ट कॉशन देतात, म्हणजे ताकीद, सही केली की घरी. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात. पुढच्या वेळी रिफ्यूज केला तर? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?”

मी म्हणालो, “वैर मी केलं का रे? मी तर त्यांना उचलून नेत होतो.”

तो म्हणाला, “मला माहीत आहे, बाबा. पण इथे कोण ऐकून घेतं?”

पोरगा घाबरला आहे. त्याला दोष देत नाही. त्याला शिकवताना मी त्याला पाण्यापासून लांब ठेवले, त्याला कशी कळावी ही गोष्ट? कॉन्स्टेबल बाईंनीही तेच सांगितले: चोरी केली असे कबूल करून सही केली तर पंधरा मिनिटांत मोकळे. मी कबूल करत नाही. व्हिसा द्यायचा नसेल तर देऊ नका. मला पळसबोडीला पाणी आहे.

तळ्यातले मासे क्लबच्या मालकीचे आहेत हे मला मान्य आहे काय, असे विचारण्यात आले. मान्य आहे. मग माझी तक्रार लिहून घ्या. ज्यांच्या मालकीचे मासे आहेत त्यांनी कारंजे बंद करून, चारा कुजवून, त्यांना कोंडून मारायला घेतले आहे. मी एक मेलेला नेला तर चोरी, आणि यांनी चारशे जिवंत मारले तर ती काय स्पर्धा? आज ऊन पडणार नाही. पडले असते तर दुपारपर्यंत पाणी आपोआप थोडे सावरले असते. दहाच्या पुढे मोठे मासे जायला लागतील. मी मघापासून भिंतीवरच्या घड्याळाकडे का पाहतो, असे कॉन्स्टेबल बाईंनी दोनदा विचारले, ते याच्यासाठी.

नऊ वाजून पन्नास मिनिटांनी बाजूच्या खोलीत फोन वाजला. कॉन्स्टेबल बाई उठून गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली नाही, उभ्याच राहिल्या. फोन श्री. टर्नर यांचा होता. पलीकडच्या काठाला ब्रीम मासे पोट वर करून यायला लागले आहेत. कारंजे त्यांनी सुरू केले, पण ते एकाच जागी उडते. त्यांनी विचारले आहे की, त्या म्हाताऱ्याने फळी कशी मारली होती, आडवी की उभी?

मी सांगितले, आडवी, आणि वरच्या वर, खोल नाही. पण हे फोनवर शिकवायचे काम नाही. त्यांचे हात गळाचे आहेत, तासाभरात खांदा उतरेल. माणसे बोलवा. स्पर्धेला जेवढे येणार होते तेवढे सगळे आजच बोलवा.

श्री. टर्नर तक्रार मागे घ्यायला तयार आहेत, असेही बाईंनी सांगितले. मी म्हणालो, मागे घेऊ नका. माझाही जबाब राहू द्या. पाइक मी घेतला आहे आणि तो माझ्या हक्काचा होता, हे मला तुमच्या कोर्टात सांगायचे आहे. दंड किती तो सांगा. मी भरणार नाही. पण ते सोमवारी. आता मला तळ्यावर सोडा.

जाळे पुराव्यात जमा असल्यामुळे देता येत नाही, असे सांगण्यात आले. मग पुरावा घेऊन तुम्हीच चला, असे मी म्हणालो. बाईंनी एका रजिस्टरात सही केली आणि जाळे गाडीत घेतले. जाळे घेऊन त्या मागे बसल्या. अनुप पुढे बसला आणि त्याने त्याचे ऑफिसचे बूट काढून ठेवले.

वरचा मजकूर दुभाषी बाईंनी मला मराठीत वाचून दाखवला, निम्मा ठाण्यातल्या टेबलावर आणि निम्मा पोलिसांच्या गाडीत. तो मी सांगितला तसाच लिहिला आहे आणि खरा आहे. त्यात चोरी हा शब्द जिथे जिथे आहे तो दुसऱ्यांचा आहे. मी माफी मागितलेली नाही, आणि शेवटी कोणी तशी ओळ घातली तर ती माझी समजू नये.

दुभाषीची नोंद, सकाळी १० वाजून ४० मिनिटे, तळ्याचा काठ: जबाब देणाऱ्याची सही घेता आलेली नाही, कारण ते पाण्यात आहेत. तक्रार मागे घेण्याच्या अर्जावर तक्रारदार श्री. टर्नर यांची सही घेता आलेली नाही. तेही पाण्यात आहेत. कॉन्स्टेबल हॉलंड यांनी साक्षीदार म्हणून सही करायची होती. त्यांनी त्यांची टोपी माझ्याकडे ठेवायला दिली आहे.

स्वाती देवधर