शंभराचा दिवा

आमचं मूळ गाव निपाणीजवळ, तंबाखूची शेती, घर जैनाचं. आईशी बोलायचं कानडीत, वडलांशी मराठीत, आन् बैल बिचारे दोन्हीत शिव्या खायचे. शेतात माझा, म्हणजे भूपालचा, उपयोग बुजगावण्याएवढा, असं वडील म्हणायचे. आई म्हणायची, बुजगावणं निदान एका जागी उभं तरी ऱ्हातंय. म्हणून बेळगावात वीज आली तसा मी वायरमनच्या हाताखाली कामाला लागलो.

त्या वायरमनला आमी अण्णा म्हणायचो. त्यांनी हिशेब शिकवला. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपियर म्हणजे वायरीतनं वाहणारा प्रवाह. दाबाला प्रवाहानं भागलं की अडथळा निघतो, ते ओहम, आन् दोन्हीचा गुणाकार केला की ताकद निघते, ते वॅट. सोपं हाय, पर मी गुणायचं तिथं भागायचो, आन् माझ्या हिशेबानं टेबलावरचा साधा दिवा पिठाची गिरण ओढायचा. अण्णा म्हणायचे, भूपाल, तुझ्या हिशेबावर आख्खं बेळगाव चालंल रं, पॉवरहौस तेवढं बंद पडंल.

मग लग्न झालं, पद्मा आली, आन् काय सांगू तुम्हाला, वायरमनच्या घरात दिवा लावायला बंदी झाली. सांजंला दिवा लावला की पाखरं येत्यात, होरपळून मरत्यात, ते पाप कुणी घ्यायचं, म्हणायची. दिवस मावळायच्या आत जेवायचं आन् अंधार पडला की निजायचं. आमचा दिवा जळायचा तो भर दुपारी, मधल्या खोलीत. त्या खोलीला खिडकी न्हाय, आन् ती तिथंच सूप घेऊन तांदूळ निवडायला बसायची. दाणा न् दाणा बघायची, बारका किडा दिसला तर बोटावर घेऊन घरामागच्या परड्यात सोडून यायची. किडा भातात शिजला तर ती दिवसभर अन्नाला शिवायची न्हाय. पर शिजायचाच न्हाय हो, तिची नजरच तशी.

एक दिवस म्हणाली, अहो, तुमची वीज मंद झालीया. मी म्हटलं, वीज माझी न्हाय, कंपनीची हाय. तरी पंचवीसचा दिवा काढून चाळीसचा लावला. बरं वाटलं तिला, पर थोडेच दिवस. मग साठचा लावला. शेजारची आक्का म्हणाली, भूपाल, बायकोला एवढा उजेड कशाला रं, तुझं तोंड नीट दिसलं तर माहेरी जाईल ती. पद्मा लई हसली. मीबी हसलो.

त्या आठवड्यात माझ्या ताटात किडा आला. भातात, शिजलेला. आता मी जैनाचा पोरगा, मी काय करावं? ताट सारून उठावं. पर ती समोर बसलेली, म्हणत होती, भात मऊ झालाय न्हवं? मी किडा शिताखाली लपवला आन् म्हटलं, लई मऊ झालाय गं, पोट भरलं.

दुसऱ्या दिवशी शंभराचा दिवा आणला. तो लावला आन् कोपऱ्यातली जळमटंसुद्धा दिसाय लागली. पद्मा म्हणाली, लावा की आता, कवाधरनं हुबं हायसा.

मी अण्णांकडं जाऊन व्होल्ट मोजायचं आन् अँपियर मोजायचं, दोन्ही मीटर मागून आणली. आमचं घर लायनीच्या शेवटाला, तिथं दाब पडतो, आन् दाब निम्मा झाला तर ताकद पाववर येते, हे मला ठाव होतं. वायरमन आपलं काम चांगलं निघावं म्हणून देवाला हात जोडतो, मी ते खराब निघावं म्हणून जोडले. जोड ढिला असू दे, वायर कुजलेली असू दे. होल्डरपाशी मीटर लावलं, दाब दोनशेवीस. प्रवाह अर्ध्या अँपियरला जरासा कमी, पॉइंट पंचेचाळीस. गुणाकार केला, नव्याण्णव वॅट. भागाकार केला, चारशे एकोणनव्वद ओहम, शंभराच्या दिव्याचा असतो तेवढाच. गुणायचं तिथं भागलं असंल म्हणून परत केला, परत तेच. जन्मात पहिल्यांदा माझा हिशेब बरोबर आला होता. वायरीत दोष न्हवता. दिव्यात न्हवता. मग राहिलं काय?

ती म्हणाली, काय निघालं हो? मी म्हटलं, दाब कमी हाय गं, लई कमी. तिनं हात वर करून दिव्याजवळ नेला. मंद दिव्याला एवढी धग कशाची, म्हणाली. तिनं सूप हळूच माझ्या मांडीवर सरकवलं.

मिरजेच्या डॉक्टरकडं नेलं. डोळ्याची नस सुकत चाललीया म्हणाले, उपाय न्हाय.

आता तांदूळ मी निवडतो. ती शेजारी बसून इचारते, नीट बघताय न्हवं? किडा सापडला की परड्यात सोडून येतो आन् आल्यावर तिला सांगतो. सापडला न्हाय तरी कधी कधी सांगतो, तिला बरं वाटतंय.

परवा स्वातंत्र्य आलं, पेठेत दिव्यांच्या माळा मीच बांधल्या. सांजंला तिला म्हटलं, चल. पाखरं मरत्यात ओ, म्हणाली, पर आली. हाताला धरून माळंखाली उभी केली. सगळे लागले काय हो? लागले. माझ्या तोंडावर पडतोय उजेड? व्हय, लख्ख पडतोय. मग बघून घ्या, म्हणाली, मी तर तुमचं तोंड इसरत चाललीया.

मी तिचा हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला. कपाळ, नाक, मिशा, सगळीकडनं फिरवला तिनं. भर पेठेत, माणसं बघत होती. बघू देत. बघणाऱ्यांचे डोळे सुखात ऱ्हाऊ देत.