पितळी भोंग्याची मोटार

त्या हिवाळ्यात पिंपरीच्या माळावर जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं. पितळी भोंग्याच्या मोटारीपुढच्या रांगेत सुमनताई उभ्या होत्या. त्यांच्या पुढं निघोज्याचे तात्याबा आणि ठकुबाई, दोघंही पिकल्या केसांची.

“आवं, हीच ती! आपली चाकण-पुण्याची सर्व्हिस मोटार.”

“खुळी का काय! ती धुळीनं माखलेली असायची. हिच्यात तर तोंड दिसतंय.”

“मागची बाकडी बघा की. सायबाच्या गाडीला कुठं अशी बाकडी असत्यात?”

“व्हय गं! आन् भोंगाबी त्योच.”

“लगीन झाल्यावर जोगेश्वरीच्या दर्शनाला हिच्यातनंच गेलो आपण. मी पायरीखाली वहाणा काढून चढले...”

“आन् मोटार सुटली! पुण्यात उतरली, तर नवी नवरी अनवाणी.”

“मला काय ठावं? एवढी देवळागत मोटार. तिच्यात वहाणा घालून कसं चढायचं?”

दोरीपलीकडं मोटारीचा मालक ऐकत उभा होता. त्यानं दोरी सोडली.

“या आजी, बसा आत.”

“आमी? खरंच बसू?”

“बसा की. त्याच बाकड्यावर बसा.”

ठकुबाई पायरीशी गेली, थबकली आणि तिनं वहाणा काढल्या.

“अगं, परत?”

“मग? आता तर लईच चकचकीत झालीया.”

तात्याबानं तिच्या वहाणा उचलल्या, स्वतःच्याही काढल्या आणि चारही काखेत मारून तो तिच्यामागं चढला.

रांग पुढं सरकली, तेव्हा सुमनताई वाकून आपल्या सँडलचा पट्टा सोडत होत्या.