शाईवाल्याचा कागद

नाही हो, त्या स्टुलावर नको, ओलं आहे ते — इथे बसा, खुर्चीत, मांजर उठेल आपोआप. ऐकलं मी ताई, बहिरा नाही झालोय अजून. आईंचे डोळे गेलेत आणि मुलाचा कागद त्यांना एकदा हातात घ्यायचाय. तुमच्या धाकट्या भावाच्या कपड्यांचा कागद. प्रदर्शनात पाहिलात, पत्ता काढत इथवर आलात. तीस वर्षांनी का होईना, आलात — टोमणा नाही मारत, बसा. पाणी देऊ? नको? बरं.

हे करतात कसं ते सांगतो आधी — घाई आहे? असली तरी सांगतो. सुती कपडा लागतो, टेरिलिन कितीही कुटा, त्याचा लगदा होत नाही. बटणं काढायची, बोटभर तुकडे करायचे, उकळायचे, कुटायचे — खांदे गेले माझे त्यात — मग पाण्यात सोडून जाळीवर उचलायचं. वाळला की झाला कागद. त्यावर मी काही काढत नाही, लिहीत नाही. एका माणसाचा एक कागद. एकतीस झाले. ओळखीतली एकतीस माणसं, ताई, चार-पाच वर्षांत, सगळी त्या एकाच आजाराने — एड्स म्हणतानाही लोक आवाज खाली आणायचे तेव्हा. आणि घरचे काय करायचे? गादी जाळ, कपडे जाळ, कपबशीसुद्धा फोडून टाक. मी दारोदार जायचो. जाळू नका, मला द्या, म्हणायचो. एका बापाने पोराचा सदरा काठीच्या टोकावर धरून दिला मला. काठीच्या! मी त्यांना नाही नाही ते बोललो. म्हटलं, पोटचा पोर ना हो तुमचा? फार बोललो. मोठा शहाणा लागून गेलो होतो.

तुमचा भाऊ छापखान्यात खिळे जुळवायचा. आम्ही सगळे त्याला शाईवालाच म्हणायचो — बाहीला शाई, कॉलरला शाई, एकदा तर कानात. आठ वर्षं एका खोलीत राहिलो आम्ही. तुमच्याकडे मी ‘खोलीतला मित्र’ होतो ना? असू दे, तेच म्हणा, या वयात कुठे भांडत बसू. शेवटचे एकोणीस दिवस वॉर्डात मीच होतो. नर्स दारातून ताट सरकवायची. मी भरवायचो, पुसायचो, ओकारी हातावर घ्यायचो — आणि हा लेकाचा वर मलाच म्हणायचा, हात धू रे, नाहीतर इथलं जेवण तुलाही जेवावं लागेल. भीती? छे. शिवलीसुद्धा नाही तेव्हा.

हातातल्या कागदावरचे ते ठिपके बघताय ना? सगळे तिथेच थांबतात. पेपरवाल्याने तर अर्धा रकाना खरडला त्यांच्यावर — गेलेल्या माणसाची शाई कागदातून बोलते म्हणे. — ताई, रडू नका. नका ना रडू त्यावर, ऐका — निळे आहेत ते. छापखान्याची शाई काळी असते. काळी! इतक्या वर्षांत एकानेही विचारलं नाही. मी टाकलेत ते, ड्रॉपरने, दौतीतली शाई घेऊन. काळी टाकायला हात धजला नाही.

आता निघालंच आहे तोंडातून तर ऐका. तो गेला त्या दुपारी मी खोलीवर आलो. सहा सदरे दोरीवर तसेच होते त्याचे, वॉर्डात जाण्याआधी मीच धुतलेले. आणि मला — काय झालं कोण जाणे — हात लाववेना. एकोणीस दिवस माणसाला हात लावला आणि धुतलेल्या सदऱ्याला लाववेना! डॉक्टरांनी दहादा सांगितलं होतं, कपड्यांतून काही होत नाही. पाठ होतं मला. तरी रबरी हातमोजे घातले, दोरीसकट ओढून खाली नेले, इमारतीमागे रॉकेल ओतलं. सगळं जाळलं — टॉवेल, बनियन, पुस्तकंसुद्धा. धूर अंगावर येऊ नये म्हणून लांब उभा राहिलो, वारा पाठीशी घेऊन. त्या बापाने निदान सदरा ठेवला तरी होता. आणि त्यांच्या दारात मी केव्हा गेलो होतो, ठाऊक आहे? त्यानंतर वर्षाने. नंतर, ताई! हे सगळं करून वर त्यांना शिकवायला गेलो होतो मी.

हा कागद माझ्याच दोन जुन्या सदऱ्यांचा आहे. एकतीस लोकांत नेमका त्याचाच नाही, हे कुणाला सांगणार? खाली त्याची पाटी लावली आणि फिरवत राहिलो. लाज वाटते हो. रोज वाटते, तरी दुसऱ्या दिवशी उठून कुटायला बसतोच.

अहो — नाही. द्या इकडे. चालेल म्हणताय? आईंना काय कळणार म्हणताय? त्यांना नाही कळणार, मला कळतंय ना. बोटांनी चाचपतील त्या, हुंगतील, गालाला लावतील, बाळा म्हणतील — माझ्या सदऱ्याला. नको, ताई. एवढं नका करायला लावू. त्याचं काहीही नाही माझ्याकडे, एक बटणसुद्धा नाही. उठा आता. जा. आईंना सांगा — सांगा, दाराला कुलूप होतं.